पुन्हा एकदा वाचा

आपल्या भागात कविता करणारी माणसं किती असतील, याची गणती अजून कुणी केलेली नाही. पण थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यांतल्या कविसंमेलनाला कधीतरी शेवटपर्यंत बसून पाहा. सकाळची ग्रंथदिंडी झालेली असते, अध्यक्षांचं भाषण झालेलं असतं, दुपारची जेवणं झालेली असतात. मांडवातली बरीच माणसं घराकडं वळलेली असतात. तरीही मंचाच्या कडेला हातात घडी घातलेला कागद घेऊन पंधरा-वीस जण आपल्या नावाची वाट पाहत उभे असतात. कुणी शेतकरी, कुणी शिक्षिका, कुणी कारखान्यात कामाला, कुणी नुकताच बारावी झालेला. सूत्रसंचालक सांगतो, "वेळ कमी आहे, दोन मिनिटांत आटपा." दोन मिनिटं होतात, टाळ्या पडतात, गुलाबाचं फूल मिळतं आणि तो कागद पुन्हा वर्षभरासाठी पेटीत जातो.

मला नेहमी प्रश्न पडतो तो मधल्या त्या वर्षाचा. दोन मिनिटांच्या टाळ्यांवर माणूस बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कसा काढतो? लिहिलेलं दाखवायचं कुणाला? घरात दाखवलं तर "छान आहे, पण गॅसचा नंबर लावलास का?" असं उत्तर येतं. त्यात घरच्यांचा दोष नाही. कविता ऐकायलाही थोडी फुरसत आणि थोडी सवय लागते. ही सवय माणसं एकमेकांना लावतात. ती कशी लावतात, हे मी गेली काही वर्षं जवळून पाहते आहे. त्याबद्दलच आज लिहावंसं वाटलं.

वडगावातल्या एका जुन्या घराच्या माडीवर महिन्यातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमतो. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, वर्धापनदिन तर नाहीच नाही. चहा घरमालकीणबाई करतात आणि सोबतचं खायला आळीपाळीनं कुणीतरी आणतं. आमच्यातले निम्मे मराठीत लिहितात, दोघं कानडीत, आणि एक-दोघं अशा भाषेत की तिचं नाव सांगता येत नाही. सगळ्यांना दोन्ही भाषा कळतात. ज्याला जी ओळ कळली नाही ती दुसरा समजावून सांगतो. तेवढ्यात चहा निवतो, एवढंच.

मंडळात वडीलधारे म्हणजे मास्तर. कानडी शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. मातृभाषा कानडी. मराठी शिकले ती शेजाऱ्यांच्या गप्पांतून आणि नाट्यसंगीताच्या नादातून. स्वतः त्रिपदी लिहितात. सर्वज्ञाच्या त्रिपद्या ज्यांनी शाळेत पाठ केल्या आहेत त्यांना हा तीन ओळींचा घाट सांगायला नको. आमच्या बैठकीला जी काही शिस्त आहे ती मास्तरांची. ते शिस्त असा शब्द वापरत नाहीत, "रीत" म्हणतात.

रीत अशी. प्रत्येक कविता दोनदा वाचायची. पहिल्यांदा ज्याची त्यानं, दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणीतरी. मधे कुणी बोलायचं नाही. पहिलं वाचन संपलं की मास्तर नुसते म्हणतात, "इन्नोम्मे ओद्रि." म्हणजे पुन्हा एकदा वाचा. कागद शेजारच्याच्या हातात जातो. दुसरं वाचन झाल्यावर बोलायचं, पण "वा", "छान", "चलो ऐति" एवढ्यावर सुटका नाही. कोणती ओळ मनात राहिली ती सांगायची. एकही राहिली नसेल तर "आज काही राहिलं नाही" असं साध्या आवाजात सांगायचं. का राहिलं नाही, याचं भाषण करायचं नाही.

ऐकायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण दुसऱ्या वाचनात काय होतं ते एकदा अनुभवायला हवं. आपली कविता आपण वाचतो तेव्हा आपल्याला अर्थ आधीच माहीत असतो. जिथं शब्द लंगडा आहे तिथं आवाज वरखाली करून आपण त्याला सांभाळून नेतो. परक्या तोंडाला ही सोय नसते. जिथं लय तुटली आहे तिथं वाचणारा अडखळतो, जिथं दोन अर्थ निघतात तिथं तो थांबतो. कवी खाली मान घालून ऐकत असतो आणि त्याचं त्यालाच कळतं. कुणी काही सांगावं लागत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. आपण लिहिलेलं दुसरा माणूस जपून, नीट, आपला वेळ देऊन वाचतो आहे, याचंच मनाला इतकं बळ येतं की पुढच्या महिन्यापर्यंत ते पुरतं.

कवींनी असं एकत्र बसणं ही काही आमची नवलाई नव्हे. पुण्यात 1923 मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर अशी ती मंडळी. यातली बरीचशी तेव्हा तरुण होती, मोठं नाव अजून व्हायचं होतं. एकत्र जमून त्यांनी एकमेकांच्या कविता ऐकल्या, मिळून संग्रह काढले आणि पुढं गावोगाव कविता गाऊन दाखवून सामान्य माणसाच्या कानापर्यंत पोचवल्या. यातले माडखोलकर पुढं 1946 मध्ये आपल्या बेळगावला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल.

इकडं धारवाडला त्याच दशकात ‘गेळेयर गुंपु’ उभा राहिला. नावाचा अर्थच मित्रांचा मेळा. मध्यभागी द. रा. बेंद्रे, आणि भोवती वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, आपल्या गोकाक तालुक्यातले बेटगेरी कृष्णशर्मा म्हणजे ‘आनंदकंद’, असे एकाहून एक. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले, सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं, मराठीतही लिहिलं. आणि कवी म्हणून ते कानडीचे ‘अंबिकातनयदत्त’ झाले, 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्याच मेळ्यातल्या गोकाकांनाही पुढं ज्ञानपीठ मिळालं. ज्ञानपीठ मिळावं म्हणून काही कुणी जमलं नव्हतं. मित्रांनी मित्रांचं ऐकावं म्हणून ते जमत होते. बाकीचं मागून आलं, आणि ज्यांच्या वाट्याला ते आलं नाही त्यांचंही जमणं काही वाया गेलं नाही.

आमच्या माडीवर कुणाला कसलंही पीठ मिळणार नाही, गव्हाचं सोडून, असं मास्तर म्हणतात. तरी इथंही काही घडतंच.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला असणारा एक मुलगा आमच्याकडं येतो. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पहिल्यांदा आला तेव्हा कविता वाचायला तयार नव्हता. कारण विचारलं तर सांगेना. दोन-तीन बैठकांनंतर कळलं. कुठल्याशा कविसंमेलनात त्यानं कविता वाचली होती आणि खाली उतरल्यावर एका पाहुण्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "भावना चांगली आहे, पण आधी शुद्ध मराठी शिका." त्या दिवसापासून तो प्रमाण मराठीत लिहू लागला होता. म्हणजे घरी आईशी एक भाषा, भट्टीपाशी दुसरी, आणि कागदावर तिसरीच.

अखेर एकदा त्यानं वाचलं. पहाटेच्या पाळीला निघताना आई दारातून विचारते आणि तो उत्तर देतो, एवढाच प्रसंग. उत्तरात होतं, "मी कामाला जात आहे." मास्तर म्हणाले, "इन्नोम्मे ओद्रि." कागद बँकेत काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीकडं गेला. ती वाचत गेली आणि त्या ओळीशी आल्यावर तिच्या तोंडून सहज निघालं, "मी कामाला जाऊलोय." कागदावर ते नव्हतंच! ती बेळगावची, जीभ बेळगावची, शब्द आपोआप तसा वळला. सगळे हसले. मुलगाही हसला, आणि मग त्याचा चेहरा एकदम बदलला. त्यानं खिशातलं पेन काढून तिथल्या तिथं ती ओळ दुरुस्त केली. मास्तर म्हणाले, "ही ओळ माझ्या मनात राहिली बघ. आता आई खरी वाटली."

जाऊलोय, करूलोय, काय करूलास, या आपल्या रूपांवर पुण्यामुंबईकडचे पाहुणे हसतात आणि आपण ओशाळतो. पण शेकडो वर्षं दोन भाषा एका भिंतीला टेकून राहिल्या तर एकीचा वास दुसरीला लागणारच. अण्णा आणि अक्का हे शब्द आपण कानडीतूनच घेतले, अडकित्ता तिकडूनच आला आणि तो साऱ्या महाराष्ट्रानं सुपारी कातरायला वापरला. ज्ञानेश्वरांनी पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटलं ते काही त्याला हिणवण्यासाठी नव्हे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन ज्या गावात वाढतो तिथं कानडी बोल असे सहज कानावर पडतात, आणि त्यामुळंच तो लंपन महाराष्ट्रभर सगळ्यांचा लाडका झाला. आमच्या मुलाला हे भाषण कुणी दिलं नाही. एकीच्या जिभेनं एका क्रियापदावर वळण घेतलं आणि त्याची भाषा त्याला परत मिळाली. त्यानंतर तो महिन्याला दोन-दोन कविता आणू लागला.

आता अक्कांबद्दल सांगते. अक्का सत्तरी ओलांडलेल्या. माहेर निपाणीकडचं, शिक्षण मराठी चौथी. लग्न होऊन आल्या ते कानडी बोलणाऱ्या घरात. सासूला मराठी येत नव्हतं, यांना कानडी. "मग बोलायचा कसं?" असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "बोलायला वेळ कुठं होता? दळायला वेळ होता." पहाटे जात्याचा एकच खुंटा दोघींच्या हातात. सासू बीसुकल्लिन पदं म्हणायच्या, म्हणजे जात्यावरची गाणी, तीन-तीन ओळींची. सून आईकडून आणलेल्या ओव्या म्हणायची. एकीची ओवी संपली की दुसरीचं पद. अर्थ कळत नव्हता पण जात्याची फेरी एकच होती, त्यामुळं ठेका चुकत नव्हता. अशा रीतीनं अक्का कानडी शिकल्या. सासूनंही शेवटीशेवटी दोन मराठी ओव्या पाठ केल्या होत्या म्हणे.

अक्का अजून ओव्या रचतात. दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. आपण कवयित्री आहोत असं त्यांना वाटत नाही. शेजारच्या बाईनं ओढत आणलं म्हणून त्या आमच्याकडं आल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे काय वाचायचं? हे तर दळण आहे." तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी हलसंगीच्या मित्रांची गोष्ट सांगितली. विजापूर जिल्ह्यात हलसंगी म्हणून गाव आहे. तिथं मधुरचेन्न, सिंपी लिंगण्णा आणि त्यांचे मित्र अशी साहित्यवेडी मंडळी होती. त्यांनी घराघरांतल्या बायकांची गाणी ऐकून उतरून काढली आणि 1931 मध्ये ‘गरतिय हाडु’ या नावानं प्रसिद्ध केली. गरती म्हणजे घरंदाज बाई, हाडु म्हणजे गाणं. ज्यांना बायका दळण समजत होत्या ती गाणी कानडी साहित्याचा ठेवा ठरली. आपल्याकडं साने गुरुजींनी असंच ओव्यांचं धन ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केलं. आणि बहिणाबाई चौधरींची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. लिहितावाचता न येणाऱ्या त्या माउलीची गाणी घरातल्या मुलांनी टिपून ठेवली, तिच्या मागं सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 मध्ये महाराष्ट्राला बहिणाबाई मिळाल्या. वही कुणीतरी टिपावी लागते आणि कुणाला तरी दाखवावी लागते. मधला एक जरी हात सुटला असता तरी सगळं गेलं असतं.

अक्कांच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. त्यांची पणती तेव्हा तिसरीत, कानडी शाळेत. घरात मराठी-कानडी दोन्ही बोलते, पण वाचता येतं ते कानडी आणि थोडं इंग्रजी. देवनागरी अक्षर अजून तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं. पणजीची वही ती उलटीसुलटी करून बघायची आणि ठेवून द्यायची. एका रविवारी अक्का म्हणाल्या, "मी लिहिते ते माझ्याच घरात कुणाला वाचता येत नाही. मग ते कुणासाठी?" यावर कुणाला काही बोलायला सुचेना. आपल्या कितीतरी घरांत हीच गत आहे. आजीची पत्रं, आजोबांची रोजनिशी, हरिपाठाची पोथी कपाटात असते, आणि नातवंडांना ती नक्षीसारखी दिसते.

मास्तरांनी वही घरी नेली. अक्कांच्या ओव्या त्यांनी कानडी अक्षरांत लिहायला घेतल्या. शब्द मराठी, लिपी कानडी. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. कानडीत ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत, मराठीत तो भेद लिहिला जात नाही. त्यामुळं मास्तर वही घेऊन अक्कांपुढं बसायचे आणि प्रत्येक शब्द त्यांना म्हणायला लावायचे. हा ए लांब की आखूड? हा ओ लांबवता की तोडता? अक्कांना कुणी त्यांच्या ओवीतल्या एकेका अक्षराबद्दल विचारलं असेल असं हे आयुष्यात पहिल्यांदाच. तीन महिन्यांत बेचाळीस ओव्या लिहून झाल्या. मग एका संध्याकाळी ती पणती आमच्या माडीवर आली, कानडी अक्षरांतली वही उघडली आणि पणजीची मराठी ओवी घडाघडा वाचली. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मास्तरांच्या आधी त्याच म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाच गं बाई."

हे सगळं वाचून आमच्याकडं नुसतं कौतुकच चालतं असं वाटेल. तसं नाही. मागावर काम करणारे आमचे एक काका आहेत. वडगाव-शहापूरच्या विणकरांचं कसब तुम्हाला नव्यानं सांगायला नको. काकांच्या कविता धोट्यासारख्या भरभर यायच्या. सहा-सात वर्षांत साठ-सत्तर झाल्या. जातीच्या मेळाव्यात, गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवात ते वाचत, आणि जिथं तिथं लोक म्हणत, "काका, पुस्तक काढा." काकांनी ते मनावर घेतलं. एका रविवारी छापखान्याचं कोटेशन घेऊन आले. आकडा मोठा होता. पैसे कुठून आणणार असं विचारल्यावर म्हणाले, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवले आहेत, पुस्तक विकून परत ठेवीन.

माडीवर शांतता पसरली. कवितेचं पुस्तक विकून पैसे परत येत नाहीत, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. "काढा, काढा" म्हणणं सोपं होतं. ते बाहेर सगळ्यांनी म्हटलंच होतं. आणि "काढू नका" म्हणणं म्हणजे एका माणसाच्या सहा-सात वर्षांवर फुली मारणं. मास्तर म्हणाले, "फाइल इथं ठेवा. आम्ही सहा जण प्रत्येकी आठवडाभर घरी नेतो. पुस्तकात राहावी अशी जी कविता वाटेल तिच्या मागं पेन्सिलीनं बारीक खूण करतो. कुणी कुणाशी बोलायचं नाही."

दीड महिन्यानं फाइल परत आली. सहाच्या सहा खुणा मिळालेल्या कविता निघाल्या अकरा. त्या सगळ्या मागाच्या होत्या. तुटलेला धागा सांधताना बोटांना काय कळतं, रात्री वीज गेल्यावर सगळी गल्ली एकदम गप्प होते तेव्हा कसं वाटतं, बाप कांड्या भरायला शिकवताना एकही शब्द का बोलला नाही, अशा. बाकीच्या म्हणजे देशभक्ती, पाऊस, आई आणि शिवराय. मांडवात टाळ्या मिळत त्या नेमक्या यांना. मास्तरांनी सगळं सरळ सांगितलं, आणि म्हणाले, "या अकरा कविता दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. बाकीच्या कुणीही लिहिल्या असत्या." काकांनी फाइल पिशवीत घातली, चहा न घेता जिना उतरले आणि चार महिने फिरकले नाहीत.

त्या चार महिन्यांत आमच्यातही कुरबुर झाली. एवढं कशाला बोलायला हवं होतं, असं एकीचं म्हणणं. माणूस दुखावण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असंही कुणी म्हणालं. मला स्वतःला वाटतं की मुलीची फी ही कवितेपेक्षा मोठी गोष्ट होती, आणि काकांच्या अकरा कविता त्यांच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. खोट्या कौतुकानं दोन्हींचं नुकसान झालं असतं. अत्र्यांनी 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ लिहून रविकिरण मंडळाच्या कवींची विडंबनं केली, सारा महाराष्ट्र खदखदून हसला. तेच अत्रे बहिणाबाईंची वही हातात पडल्यावर हरखून गेले. जो खोट्याला हसू शकतो त्याच्याच कौतुकाला वजन असतं.

पाचव्या महिन्यात काका आले. पिशवीतून फाइल काढली. आत त्या अकरा होत्या आणि नव्या सात. सगळ्या मागाच्या. दुसरं वाचन फाउंड्रीतल्या मुलानं केलं. त्यानंतर वर्षभरानं बत्तीस पानांची एक छोटी पुस्तिका निघाली, दोनशे प्रती, खर्च आम्ही सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घेतला. मुलगी नर्स झाली. पहिल्या पगारातून तिनं वीस प्रती विकत घेतल्या आणि मैत्रिणींना वाटल्या. काका हे सांगताना कवितेपेक्षा त्या वीस प्रतींबद्दलच जास्त बोलतात.

मग 2020 चा मार्च आला. माडी बंद, माग बंद, फाउंड्री बंद. पहिला रविवार असाच गेला. दुसऱ्या महिन्यात मास्तरांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन वाजायचा. "काही लिहिलं असेल तर वाचा. नसेल तर मी माझं वाचतो, तुम्ही पुन्हा वाचून दाखवा." फोनवर कागद दिसत नाही, तेव्हा तीन ओळी ऐकायच्या आणि जशाच्या तशा परत म्हणायच्या. कानडी न येणाऱ्यांनासुद्धा. काकांनी त्या काळात काहीच लिहिलं नाही. त्यांचा माग चार महिने हलला नव्हता. ते फक्त म्हणायचे, "मास्तर, तुम्ही वाचा, मी ऐकतो." मला वाटतं त्या दिवसांत कवितेनं काही फार मोठं केलं नाही. फोन वाजला की आपल्या आवाजाची कुणीतरी वाट पाहतंय एवढं कळायचं. ते पुरेसं होतं.

कविता ही शेवटी एकट्यानंच लिहायची असते, हे काही आम्ही विसरलेलो नाही. आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांकडं पाहा. पती ना. मा. संत हेही कवी. दोघांच्या कविता ‘सहवास’ या एकाच संग्रहात आल्या. 1946 मध्ये ना. मा. संत गेले. एकमेकांचं ऐकणारं घर निम्मं झालं. मुलं लहान, नोकरी सांभाळायची. तरीही 1951 मध्ये ‘शेला’ आला, त्यानंतर एकामागून एक संग्रह आले, आणि ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची कविता एकटीची कविता आहे असं समीक्षक म्हणतात ते खरंच आहे. पण ‘सहवास’ हे नाव मला कधी विसरता येत नाही. आपलं लिहिणं कुणीतरी मन लावून ऐकलं आहे, हे ज्याला एकदा कळलं त्याला पुढं एकटं लिहिण्याची ताकद येत असावी.

मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं. "इन्नोम्मे ओद्रि" हे ते रीत म्हणून म्हणतात की पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, हे आता कळायला मार्ग नाही. आम्ही मात्र निमूटपणे पुन्हा वाचतो. थोडं मोठ्यानं.

आपल्या प्रत्येक घरात कुणीतरी असं असतंच. वहीच्या मागच्या पानावर, कॅलेंडरच्या पाठीमागं, औषधाच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहून ठेवणारं. ते मराठीत असेल, कानडीत असेल, नाहीतर आपल्या दोन्ही मिळून झालेल्या बोलीत असेल. त्यांनी कागद पुढं केला तर लगेच छान म्हणू नका आणि चूकही काढू नका. गॅसचा नंबर दहा मिनिटांनी लावला तरी चालतो. कागद त्यांच्या हातातून आपल्या हातात घ्या आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकदा नीट वाचा. मग जी ओळ मनात राहिली असेल ती सांगा. राहिली नसेल तर पुढच्या रविवारी पुन्हा कागद मागा.